आधी संत्रं जातं

मंजिरी वैरागडेच्या नाकाचं तिच्या कामावर सगळ्यांना कौतुक होतं. हीथ्रोच्या ड्यूटी-फ्रीमध्ये सेंटच्या काउंटरवर ती कितीतरी वर्षं उभी राहत होती. एखादं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "माझी बायको काहीतरी वापरते, नाव आठवत नाही, पण जरा धुतलेल्या कपड्यांसारखं, जरा पेअरसारखं." मंजिरी क्षणभर डोळे मिटायची आणि शेल्फवरून एक बाटली काढून पुढे करायची. बहुतेक वेळा तीच निघायची.

हाउन्सलो वेस्टला त्यांचं टेरेस हाउस होतं, शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागलेलं. मागच्या बाजूला काचेची कॉन्झर्व्हेटरी होती. थंडीत तिथे बसवत नसे आणि जुलैत तिची भट्टी होई, त्यामुळे आधी तिथे फक्त सायकली आणि रिकामी खोकी असत. लॉकडाउनमध्ये विमानं बंद पडली आणि मंजिरी घरी बसली, तेव्हा तिने ती जागा रिकामी करून टेबल टाकलं आणि खोलीत ठेवायच्या सुवासाच्या बाटल्या करायला घेतल्या. बाटलीत सुगंधी तेलं, त्यांना सामावून घेणारं एक जाडसर द्रव आणि वर खोचलेल्या वेताच्या काड्या. काड्या ते द्रव वर ओढून घेतात आणि वास हळूहळू खोलीत सुटतो. आधी तिने मैत्रिणींना वाढदिवसाला बाटल्या दिल्या, मग मुलीच्या शाळेच्या समर फेअरला स्टॉल लावला. विमानं पुन्हा सुरू झाली, ती कामावर परत गेली, पण टेबल तसंच राहिलं.

तिची सगळ्यांना आवडणारी बाटली म्हणजे संत्रं आणि गुलाब. नुसता गुलाब जड होतो आणि नुसतं संत्रं साबणासारखं लागतं. दोन्ही बरोबर पडले की सकाळी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. त्या प्रमाणासाठी तिने दोन महिने घालवले होते.

या वर्षी समर फेअरला हॅरिएट पेल नावाच्या एक बाई आल्या. विंडसरला नदीजवळ त्यांचं आठ खोल्यांचं छोटं गेस्टहाउस होतं. भाचीला शाळेत सोडायला आल्या होत्या, सहज स्टॉलपाशी थांबल्या, संत्रं-गुलाबाची बाटली नाकाशी धरली आणि तिथेच म्हणाल्या, "मला प्रत्येक खोलीत हे हवंय." मंजिरी घरी आली ती जवळजवळ पळतच. जयंत, तिचा नवरा, विमानतळावर कार्गोत शिफ्ट मॅनेजर होता. तो नुकताच झोपून उठला होता. त्याने तिला उचलूनच घेतलं.

त्याचे वडील, दीनानाथ, सोफ्यावर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "अरे वा! अभिनंदन, मंजिरी."

दीनानाथ नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. तिथल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भौतिक रसायनशास्त्र शिकवलं होतं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते एकटे राहायचे, स्वतःचं स्वतः करायचे आणि आपल्याला कुणाची गरज नाही हे सांगायची संधी सोडायचे नाहीत. सुनेशी त्यांचं कधी वाजलं नव्हतं, पण फार बोलणंही नव्हतं. चहा छान झालाय, भाजी छान झाली, वॉशिंग मशीन लावू का, एवढंच. मंजिरीला ते जरा दूरचेच वाटायचे.

बाटल्या विंडसरला पोचल्या आणि दोन आठवड्यांनी पेलबाईंचा फोन आला. त्या रागावलेल्या नव्हत्या, पण त्यांना अवघड वाटत होतं.

"डार्लिंग, मला सांगायला कसंतरीच होतंय," त्या म्हणाल्या. "पहिले चार दिवस माझं घर म्हणजे संत्र्याच्या मार्मलेडचा कारखाना होता. एका पाहुण्याने तर विचारलं, किचनमध्ये काही उतू गेलं का. आणि आता संत्र्याचा पत्ता नाही. माझ्या आजीचा हातरुमालांचा ड्रॉवर उघडल्यासारखं वाटतंय."

मंजिरीने माफी मागितली, बदलून देते म्हणाली, आणि फोन ठेवून कॉन्झर्व्हेटरीत जाऊन बसली. तिने स्वतःच्या घरातली जुनी बाटली हुंगली. पेलबाई बरोबर होत्या. रोज त्याच घरात वावरणाऱ्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. बाटलीत अर्ध्याहून जास्त द्रव शिल्लक होतं, रंग तसाच होता, पण संत्रं निघून गेलं होतं आणि मागे गुलाब एकटाच बसून होता.

पुढचा आठवडा ती कामावरून आली की टेबलाशी बसायची. संत्र्याचं तेल वाढवून पाहिलं, तर पहिले दिवस आणखीच उग्र झाले. गुलाब कमी केला, तर शेवटी काहीच उरेना. सिया, तिची पंधरा वर्षांची मुलगी, दारातून डोकावून म्हणाली, "मम्मा, माझा खोली पण आता ऑरेंजचा वास मारते. माझी फ्रेंड्स विचारतात."

"वास मारते नाही म्हणायचं, वास येतो. आणि माझी खोली."

"तेच," म्हणून सिया गेली.

शनिवारी दुपारी दीनानाथ कॉन्झर्व्हेटरीतल्या वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले होते. बाहेर ऊन होतं, आणि मंजिरीचं नाक आठवडाभर हुंगून थकलं होतं. थोड्या वेळाने कुठलाच वास धड कळेनासा होतो. तिने दोन बाटल्या उचलल्या.

"बाबा, जरा मदत करता? माझं नाक बंद झालंय. या दोन्हींत संत्रं कशात जास्त ताजं वाटतं, सांगा."

दीनानाथांनी पुस्तक बाजूला ठेवलं. पहिली बाटली हुंगली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कपाळाला आठी घातली. "ही," ते म्हणाले. "हिच्यात संत्रं अगदी मस्त येतंय."

मंजिरीने बाटली घेतली, खाली चिकटवलेली चिठ्ठी पाहिली, आणि तिला हसूच आलं. गडबडीत तिने चुकीची बाटली दिली होती. तिच्यात वास नव्हताच. काड्या किती वेगाने भिजतात हे बघायला तिने तिच्यात नुसतं ग्लायकॉल, म्हणजे ते जाडसर द्रव भरून ठेवलं होतं.

"अहो बाबा, हिच्यात तर..." ती बोलायला गेली आणि थांबली.

दीनानाथ तिच्याकडे बघत नव्हते. ते कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघत होते.

गेल्या दोन महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी एकदम तिच्या डोळ्यांपुढे आल्या. दूध उतू जाऊन करपलं तेव्हा ते किचनमध्येच बसून वाचत होते, आणि ती मनातल्या मनात चिडली होती. एकदा फोडणी इतकी जळली की स्मोक अलार्म वाजला, आणि ते म्हणाले होते, बॅटरी संपली असेल. आणि रोज, न चुकता, भाजी छान झाली.

"बाबा," ती हळू म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही का?"

वरून एक विमान गेलं, त्याचा आवाज विरेपर्यंत दोघं बसून राहिली.

"कोविड झाला होता ना, तेव्हा गेला," ते म्हणाले. "लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. चार वर्षं वाट बघून राहिलो."

"पण मग सांगितलं का नाही? जयंतला तरी?"

"जयंतला सांगितलं तर तो पहिला प्रश्न काय विचारेल, सांग. बाबा, गॅस लीक झाला तर तुम्हाला कसं कळणार? आणि त्यानंतर मला एकट्याला नागपूरला राहू देईल तो?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझं घर आहे तिथे. माझी माणसं आहेत. संध्याकाळी आम्ही चौघं फिरायला जातो. इथे मला काही कमी नाही, पण इथे मी पाहुणाच आहे."

नाक हाच जिचा सगळा दिवस, तिला चार वर्षं असं जगायची कल्पनाच करवत नव्हती. "चहाला चव लागते का?" तिने विचारलं.

"गोड लागतो. गरम लागतो. चहा आहे म्हणून माहीत असतं, म्हणून चहा."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. "मी जयंतला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगायला हवं, बाबा."

"बघू," ते म्हणाले, आणि घाईने विषय बदलला. "तुझ्या त्या विंडसरच्या बाईंचं काय झालं? फोन झाल्यापासून तू रोज इथे बसतेस."

तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"संत्र्याचा वास म्हणजे मुख्यतः लिमोनीन," ते म्हणाले. "आणि गुलाब?"

"फेनिलइथाइल अल्कोहोल जास्त. माल येतो त्यावर लिहिलेलं असतं."

"आणि द्रव हे ग्लायकॉल. हं." त्यांनी शेजारी पडलेला काउन्सिलचा लिफाफा घेतला आणि उलट्या बाजूवर पेनाने एक भांडं काढलं. "हे बघ. कुठल्याही द्रवाच्या वरच्या थरातून रेणू सतत सुटत असतात. बंद भांड्यात ते वरच्या हवेत जो दाब निर्माण करतात तो बाष्पदाब. तुझ्या कामात सुटलेला रेणू म्हणजेच वास. जो नाकापर्यंत आला नाही, त्याला तुझ्या लेखी वास नाही."

"बरोबर."

"आता दोन द्रव मिसळले. ते स्वभावाने अगदी सारखे असतील, बेंझिन आणि टोल्युइनसारखे, तर शेजारी कोण बसलंय याने कुणाला काही फरक पडत नाही. प्रत्येकजण आपल्या हिश्शाइतका सुटतो. द्रावणात दहावा हिस्सा असेल, तर एकट्याने असताना जो दाब असतो त्याचा दहावा. याला आदर्श द्रावण म्हणतात. राउल्टचा नियम. मी दर वर्षी जुलैत शिकवायचो."

"आणि सारखे नसतील तर?"

"तर गंमत होते." ते आता वर्गात होते. "कधी दोन वेगळे रेणू एकमेकांना इतके धरून बसतात की नियमात सांगितलंय त्याहून कमी सुटतात. कधी उलट. एकमेकांचा शेजार सोसत नाही, मग हिश्शापेक्षा कितीतरी जास्त बाहेर पडतात. आपण गृहीत काय धरतो, की सगळे नियमाने वागतील. पण खरं सांगायचं तर आदर्श द्रावणं फार थोडी."

त्यांनी ग्लायकॉलचा रेणू काढला आणि त्याच्या दोन टोकांना ओएच असं लिहिलं. "हे बघ, हे त्याचे हात समज. गुलाबालाही असा एक हात आहे. तो ग्लायकॉलचा हात धरून बसतो, लवकर उठतच नाही. तुझ्या संत्र्याच्या रेणूला हातच नाहीत. नुसता कार्बन आणि हायड्रोजन. एवढ्या हात धरून बसलेल्या मंडळींत तो एकटा. मग तो काय करणार?"

"बाहेर पडणार," मंजिरी म्हणाली. "चार दिवसांत सगळाच्या सगळा." ती लिफाफ्याकडे बघत राहिली. "मी संत्रं वाढवत बसले. चूक संत्र्यात नव्हतीच. त्याला ज्याच्यात बसवलं तिथे होती."

"तुझ्याकडे दुसरं कुठलं द्रव आहे? ज्याला असे हात नाहीत?"

होतं. एका पुरवठादाराने नमुना म्हणून एस्टर नावाच्या द्रवाचा डबा पाठवला होता. महिनाभर तो तिने उघडलाही नव्हता.

त्या दिवशी त्यांनी प्रयोग लावला. तीन सारख्या बाटल्यांत सारखंच संत्रं, सारखाच गुलाब. एकीत ग्लायकॉल, दुसरीत एस्टर, आणि तिसरी दीनानाथांच्या आग्रहावरून निम्मी-निम्मी. "मधला बिंदू नसेल तर आलेखाला अर्थ नाही," ते म्हणाले. एक बाटली समोरच्या खोलीत, एक जिन्याच्या वरच्या लँडिंगवर आणि एक सियाच्या खोलीत ठेवली. मंजिरीने कामावर जाण्याआधी ताज्या नाकाने तिन्हीकडे जाऊन यायचं आणि संत्र्याला किती, गुलाबाला किती हे दहापैकी सांगायचं. दीनानाथ ते आलेखावर मांडायचे आणि किचनच्या काट्यावर बाटल्या तोलून किती द्रव उडालं ते बघायचे. घरात कधी नव्हे ती सकाळची गंमत झाली. मंजिरी जिन्यावरून ओरडायची, "लँडिंग, संत्रं सात!" आणि खालून उत्तर यायचं, "सात? काल सहा म्हणालीस!"

"काल खिडकी उघडी होती, बाबा."

"मग ते आधी सांगायचं!"

जयंत रात्रपाळी करून दारात शिरला की त्याला हा संवाद ऐकू यायचा. "माझ्या घरात काय चाललंय?" तो सियाला विचारायचा.

"आजोबा आणि मम्मा केमिस्ट्री करतात," सिया म्हणायची. "इट्स क्यूट, बट लाउड."

एकदा टेबल आवरताना दीनानाथांनी एक बाटली उचलली, सवयीने नाकाशी नेली आणि दचकले. "हिच्यात काय आहे?"

"पुदिना. का?"

"गार आहे." त्यांनी पुन्हा नाकाशी धरली. डोळे मोठे झाले होते. "मंजिरी, मला गार लागतंय. आत, इथे." मग स्वतःच म्हणाले, "वास नाही हा. गारवा कळतो ती नस वेगळी. मेंथॉल थेट तिलाच चेतवतो. वास नाही." पण बाटली त्यांनी लगेच खाली ठेवली नाही. मंजिरी आत जाऊन भांडी लावत राहिली, त्यांना वेळ मिळावा म्हणून.

पंधरवडा संपला तेव्हा ग्लायकॉलच्या बाटलीची तीच गत झाली होती, संत्रं गायब आणि ड्रॉवर मागे. एस्टरच्या बाटलीवर दीनानाथांची सगळी भिस्त होती. तिथे दोन्ही वास अजून होते, पहिल्या दिवशी होते त्याच प्रमाणात. आलेखावरच्या दोन रेषा जवळजवळ आडव्या गेल्या होत्या.

"झालं!" ते म्हणाले. "याहून सुंदर आलेख मी पोरांकडून कधी काढून घेतला नाही. सगळं एस्टरमध्ये कर."

मंजिरी मान हलवत होती. "नाही बाबा. प्रमाण बरोबर आहे. पण वास येतच नाही."

"येत नाही म्हणजे? तूच रोज आकडे देतेस."

"मी बाटलीपाशी वाकून देते. गेस्टहाउसमध्ये माणूस दार उघडून आत आला की त्याला कळलं पाहिजे. इथे वास आहे, पण तो बाटलीतून उठतच नाही. फार आरामात बसलाय."

दीनानाथांना हे नाकाने तपासता येत नव्हतं. ते विचार करत राहिले, आलेख बघत राहिले, आणि मग हसायला लागले. "अगं, बरोबर आहे तुझं. मी संत्र्याच्या रेणूला आदर्श द्रावणाच्या जवळ नेलं. आता तो फक्त हिश्शाइतका सुटतो, आणि तुझ्या बाटलीत त्याचा हिस्सा आहेच किती? थोडासा. त्याला थोडं ढकलणारं कुणीतरी लागणार. मी ग्लायकॉल पूर्णच काढून टाकलं."

"निम्म्या-निम्म्यात संत्रं पहिल्या आठवड्यात जरा जास्तच पळतं," मंजिरी म्हणाली. "पण दारातून कळतं."

"मग ग्लायकॉल निम्म्याहून कमी. किती, ते तुझं नाक सांगेल. मला नाही सांगता येणार."

किती, ते ठरायला आणखी तीन आठवडे गेले. शेवटी पाचातला एक हिस्सा ग्लायकॉल आणि बाकी एस्टर असं जमलं. ती बाटली मंजिरीने समोरच्या खोलीत ठेवली, मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी जयंत कामावरून आला, बूट काढता काढता थांबला आणि म्हणाला, "आज नवीन बाटली उघडलीस का?"

मंजिरीने दीनानाथांकडे पाहिलं. त्यांनी टेबलावर हलकेच मूठ आपटली.

नव्या बाटल्या विंडसरला पाठवल्यानंतर महिन्याने पेलबाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं. जयंतला सुट्टी होती, त्याने गाडी काढली. सियाला मैत्रिणीकडे जायचं होतं, ती आली नाही. सप्टेंबरचा शेवट होता, पण ऊन लख्ख होतं, आणि नदीकाठी हंस पावाच्या तुकड्यांसाठी लोकांच्या मागे लागले होते. गेस्टहाउसचं दार उघडलं आणि मंजिरी उंबऱ्यावरच थांबली. दारातच संत्रं आलं, आणि त्याच्या मागून गुलाब, जसं तिला पहिल्यापासून हवं होतं तसं. तिने जयंतचा दंड घट्ट धरला.

पेलबाईंनी बागेत टेबल मांडलं होतं. स्कोन्स होते, क्रीम होतं. त्यांनी मंजिरीला मिठी मारली. पाहुणे बाटल्या कुठून आणल्या म्हणून विचारतात, दोघांनी तर चोरून नेल्या, असं हसत सांगितलं. मग त्या दीनानाथांकडे वळल्या.

"मंजिरी सांगते की अर्धं श्रेय तुमचं आहे, प्रोफेसर. तुम्हाला स्वतःला कसा वाटतो हा वास?"

मंजिरीचा हात कपावर थांबला. उत्तर अगदी सोपं होतं. छान आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. चार वर्षं तेच म्हणत आले होते.

दीनानाथांनी मुलाकडे पाहिलं. मग इंग्रजीत, सावकाश म्हणाले, "मॅडम, मला वास येत नाही. चार वर्षांपासून नाही. तो बाटलीतून कसा निघतो एवढं मला माहीत आहे. कसा आहे ते माझी सून सांगते आणि मी विश्वास ठेवतो."

पेलबाई "ओह" म्हणाल्या, आणि मग त्यांनी फार न बोलता त्यांच्या बशीत आणखी एक स्कोन ठेवला. जयंतच्या हातातला चमचा तसाच राहिला.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली आणि तसाच बसून राहिला. "चार वर्षं," तो म्हणाला. "बाबा, चार वर्षं तुम्ही गॅसवर स्वयंपाक करताय."

"झालं काही?" दीनानाथ मागच्या सीटवरून म्हणाले.

"झालं नाही म्हणून काय झालं! उद्या..."

"म्हणूनच सांगितलं नव्हतं."

"जयंत," मंजिरी म्हणाली, "त्यांना नागपूरला जायचंय. ते जाणार. आपण दोघांनी मिळून फक्त गॅस काढायचा आहे."

"म्हणजे?"

"इंडक्शनची शेगडी. आपल्याकडे आहे तशीच. सिलेंडर परत द्यायचा, प्रश्नच मिटला. आणि दूध ठेवलं की टायमर लावायचा."

जयंत आरशातून वडिलांकडे बघत राहिला. "कराल?"

"तुझ्या आईचा लोखंडी तवा चालेल का त्यावर?" दीनानाथांनी विचारलं. "तवा आईचा आहे, मी टाकणार नाही."

"लोखंडी तर सगळ्यांत चांगला चालतो," मंजिरी म्हणाली.

"मग करतो."

जयंतने गाडी चालू केली. स्टेन्स गावापाशी आल्यावर तो एकदम म्हणाला, "आणि मला वाटायचं, मंजिरीची भाजी तुम्हाला खरंच आवडते," आणि तिघंही हसायला लागली. जयंतला इतकं हसू आलं की त्याला डोळे पुसायला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्यांतलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, हे मागे बसलेल्या दीनानाथांना दिसलं. त्यांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर जयंतने बाह्या वर केल्या आणि वडिलांना विचारलं, "मग तुम्हाला खरंच काय खावंसं वाटतं? खरं सांगा हं. छान-बिन नको."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न दीनानाथांनी स्वतःलाही विचारला नव्हता. "कुरकुरीत काहीतरी," ते म्हणाले शेवटी. "दाताखाली वाजलं पाहिजे. आणि तिखट. तिखट मला कळतं."

मंजिरीने चण्याची डाळ आणि मूगडाळ जाडीभरडी वाटली, आणि जयंतने भरड्याचे वडे तळायला घेतले. सिया मैत्रिणीकडून आली तेव्हा घरभर धूर होता आणि आजोबा टेबलाच्या टोकाला बाह्या सावरून बसले होते, पुढ्यात हिरव्या मिरच्यांचा ठेचा.

"आजोबा, तो खूप स्पायसी आहे," ती म्हणाली. "यू विल क्राय."

"हो का? दे बरं आणखी," दीनानाथ म्हणाले. त्यांनी गरम वडा मोडला, तो मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ठेच्यात बुडवून त्यांनी तोंडात टाकला. कान लाल झाले, कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते खात राहिले, आणि रिकामी बशी जयंतकडे सरकवून म्हणाले, "पुढचा घाणा जरा जास्त तळ. याहून कडक."